चार सिलिंडर, आठ ठिणग्या

२००३ साली होंडा सिटीची नवी पिढी भारतात आली आणि शोरूममध्ये डोकावणाऱ्या जाणकारांचा हिशेब चुकला. आधीच्या दीड लिटरच्या सिटीत शंभर हॉर्सपॉवर होती. नवं इंजिनही दीड लिटरचंच, पण ताकद ७७. बॉनेट उघडून बघावं तर सिलिंडर चार आणि स्पार्क प्लग आठ. प्लग दुप्पट आणि ताकद पाव हिश्शाने कमी, हा काय व्यवहार? वर सेल्समन सांगणार की साहेब, ही गाडी ॲव्हरेज चांगलं देईल. ती तसं देऊही लागली, त्यामुळे कुरकुर हळूहळू थांबली. आठ प्लग नेमके कशाला, हे विचारायचं मात्र बहुतेकांच्या मनातून निघून गेलं.

खरं तर विचारण्यासारखा प्रश्न तोच होता. दुसरा प्लग ताकद वाढवायला बसवलेलाच नव्हता. तो बसवला होता वेळ वाचवायला. आणि वाचवायचा वेळ केवढा, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास!

इंजिनात पेट्रोलचा स्फोट होतो, असं आपण सर्रास म्हणतो. धडधाकट इंजिनात स्फोट होत नाही. झालाच तर ते दुखणं समजायचं. तिथे पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण जळतं. एका ठिकाणी पेटतं, तिथून आगीची एक पातळ भिंत पसरत जाते, तिच्या मागे जळालेला गरम वायू, पुढे अजून न पेटलेलं थंड मिश्रण. थंड म्हणजे तुलनेनेच. दाबून दाबून तेही तोवर चांगलंच तापलेलं असतं. ही भिंत सिलिंडरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि खाली पिस्टन कुणासाठी थांबत नाही.

आधी ठिणगी जवळून पाहू. प्लगच्या नाकावर दोन धातूंमध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट असते. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमधून पंधरा-वीस हजार, कधी त्याहून जास्त व्होल्ट होऊन तिथे येतात आणि फटीतल्या वायूलाच वीजवाहक करून टाकतात. पहिल्या क्षणी त्या केसाएवढ्या रेषेतलं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या कितीतरी पट असतं. गॅरेजमधला मिस्त्री प्लग काढतो, कॅप लावून इंजिनाच्या धातूला टेकवतो, किक मारायला सांगतो आणि निळी ठिणगी दिसली की म्हणतो, "करंट येतोय." ही परीक्षा उपयोगाची आहे, पण अर्धीच. बाहेर उघड्या हवेत उडी मारणारी वीज सिलिंडरच्या आत, सात-आठ पट दाबलेल्या वायूत, त्याच फटीवरून उडी मारेलच असं नाही. दाब वाढला की तेवढ्याच फटीला जास्त व्होल्ट लागतात. म्हणून काही प्लग बाहेर झकास करंट दाखवतात आणि गाडी चढाला लागली की मिस मारतात.

ठिणगी पडली. आता वेळेचा हिशेब. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल तर एका फेऱ्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो, म्हणजे २० मिलिसेकंद. पिस्टन वरून खाली यायला त्याच्या निम्मे, १० मिलिसेकंद. एवढ्यात मिश्रण जळून, तापून, फुगून पिस्टनला ढकलायचं असतं. त्यातही ढकलण्याची नेमकी वेळ साधावी लागते. क्रँक माथ्यावरून पुढे सरकून साधारण १५ अंशांवर आला की दाब शिगेला पोचलेला हवा. दाब लवकर वाढला तर अजून वर येऊ पाहणाऱ्या पिस्टनच्याच डोक्यावर बसतो, म्हणजे इंजिन स्वतःशीच कुस्ती खेळतं. उशिरा वाढला तर पिस्टन खाली निसटून गेलेला असतो आणि उष्णता सायलेन्सरच्या वाटेने वाया जाते.

हे साधायचं म्हणून ठिणगी आगाऊ द्यावी लागते. पिस्टन अजून वर येतोय, मिश्रण दाबतोय, माथा गाठायला २५-३० अंश बाकी आहेत, तेव्हाच. यालाच गॅरेजच्या भाषेत टायमिंग ॲडव्हान्स म्हणतात. ३,००० फेऱ्यांवर क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. मिस्त्री "टायमिंग दोन अंश मागे आहे" म्हणतो, तेव्हा तो एवढ्या बारीक काळाबद्दल बोलत असतो.

आता खरी गंमत. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण शांत, निश्चल ठेवलं आणि साध्या दाबाला, साध्या तापमानाला पेटवलं, तर ज्योत सेकंदाला जेमतेम ४० सेंटिमीटर पुढे सरकते. चालत्या माणसाहून हळू. सिटीच्या सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर. या चालीने ज्योत तो ओलांडायला निघाली तर तेवढ्यात ३,००० फेऱ्यांचं इंजिन आठ-नऊ वेळा फिरून मोकळं होईल. म्हणजे कागदावर पेट्रोल इंजिन चालायलाच नको.

ते चालतं ते आतल्या खळबळीमुळे. व्हॉल्व्हच्या अरुंद फटीतून मिश्रण जोराने आत घुसतं, गरगरतं, भिंतींवर आपटतं. ज्योतीच्या सपाट भिंतीला त्याने हजार सुरकुत्या आणि वळ्या पडतात, जळणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि ज्योत सेकंदाला दहा-वीस मीटर किंवा त्याहून वेगाने धावू लागते. याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. इंजिन दुप्पट वेगाने फिरलं की मिश्रणही दुप्पट वेगाने आत येतं, खळबळही जवळपास दुप्पट होते आणि ज्योतीचा वेगही त्याच बेताने वाढतो. त्यामुळे मुख्य ज्वलनाला लागणारे क्रँकचे अंश, फेरे कमी असोत की जास्त, साधारण तेवढेच राहतात. ही सोय कुणी अभियंत्याने करून ठेवलेली नाही. वायूंच्या स्वभावातच ती आहे. नसती तर पेट्रोल इंजिनं काहीशे फेऱ्यांवरच धापा टाकत राहिली असती आणि मोटारीचा इतिहास वेगळाच झाला असता. मला विचाराल तर पेट्रोल इंजिनातलं सगळ्यात थोर आश्चर्य हेच, आणि त्याच्याबद्दल बोललं जातं सगळ्यात कमी.

पण ही मदत ज्योत थोडी मोठी झाल्यावर मिळते. ठिणगीने नुकताच जन्माला घातलेला आगीचा गोळा एक-दोन मिलिमीटरचा असतो, आसपासच्या भोवऱ्यांहून लहान. भोवरे त्याला सुरकुत्या पाडत नाहीत, नुसतेच वाहून नेतात. कधी प्लगच्या थंड धातूवर नेऊन टेकवतात, कधी अशा जागी नेतात जिथे आधीच्या फेरीचा जळका वायू साचलाय. म्हणून हा आगीचा अंकुर एका फेरीत झटकन वाढतो, दुसऱ्या फेरीत रेंगाळतो. एकाच सिलिंडरमध्ये, एकाच वेगाला, लागोपाठच्या दोन फेऱ्यांमधलं ज्वलन कधीच सारखं नसतं. सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन मधूनच हलकंसं दचकतं, त्यात या आळशी अंकुरांचाही वाटा असतो.

दुसरा प्लग कामाला येतो तो इथे. ऊस तुटून गेल्यावर शेतात पसरलेलं पाचट एका बांधावरून पेटवलं तर जाळाला पूर्ण शेत ओलांडावं लागतं. समोरच्या बांधावरूनही पेटवलं तर दोन्ही जाळ मध्ये भेटतात आणि निम्म्या वेळात काम होतं. शिवाय एका बांधावरचं पाचट ओलं निघालं तरी दुसरीकडून जाळ येतोच. पाचटाचा ढीग मात्र तेवढाच राहतो. दोन ठिकाणी पेटवल्याने राख दुप्पट होत नाही, तसं दोन प्लग लावल्याने पेट्रोल दुप्पट जळत नाही. म्हणूनच ७७ हॉर्सपॉवरचं कोडं कोडं राहत नाही. ताकद ठरते सिलिंडरमध्ये किती हवा भरता आली यावर. प्लगच्या हातात फक्त ते भरलेलं मिश्रण कधी आणि किती नेटकं जळेल एवढंच असतं.

नेटकं जळण्याचे फायदे साधे नाहीत. ज्वलन आटोपशीर झालं की ठिणगी एवढी आगाऊ द्यावी लागत नाही. वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा दाब कमी पडतो. कमी पेट्रोलचं, विरळ मिश्रण एका ठिणगीने पेटवायचं तर ते पेटता पेटता विझायची भीती; दोन ठिणग्यांनी ते निभावून जातं. आणि या सगळ्यांहून मोठा फायदा म्हणजे नॉकिंग टळतं.

खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरात गाडी रेटत नेली की बॉनेटखालून खट्खट्, टकटक असा धातूचा आवाज येतो, तो हा नॉक. झालेलं असं असतं: ज्योत एका कडेने निघालेली असते. तिच्या मागचा वायू फुगतो आणि पुढच्या, अजून न पेटलेल्या मिश्रणाला समोरच्या कोपऱ्यात दाबत जातो. तो कोपरा तापत जातो. ज्योत वेळेत पोचली तर ठीक. नाही पोचली तर कोपऱ्यातलं मिश्रण ज्योतीची वाट न बघता आपलं आपणच, एकदम पेटतं. हा मात्र खराखुरा स्फोट. त्याचे धक्के पिस्टनच्या डोक्यावर आणि भिंतींवर आदळतात, तोच आवाज. असं बराच काळ चाललं की पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात. म्हणजे ही शर्यत आहे: ज्योत आधी पोचते की कोपऱ्याचा संयम आधी सुटतो. ज्योतीचं अंतर निम्मं केलं की शर्यत बहुतेक वेळा तीच जिंकते. मग इंजिनात मिश्रण आणखी घट्ट दाबायची मोकळीक मिळते, आणि जितकं घट्ट दाबाल तितकं तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं.

होंडाने नेमकं हेच केलं. २००१ साली जपानमध्ये आलेल्या फिट या छोट्या गाडीतलं १.३ लिटरचं इंजिन साध्या पेट्रोलवर मिश्रण १०.८ पट दाबत होतं, त्या काळच्या घरगुती गाडीसाठी चांगलंच घट्ट. ताकद ८६ हॉर्सपॉवरच्या आसपास आणि खेच सगळ्यात जास्त कुठे, तर २,८०० फेऱ्यांवर, म्हणजे रोजच्या रहदारीत गाडी जिथे असते तिथेच. या पद्धतीला कंपनीने आय-डीएसआय नाव दिलं. त्यातला डी म्हणजे ड्युअल, दोन. मला जास्त आवडतो तो एस: सिक्वेन्शियल, एकामागून एक.

कारण दोन्ही ठिणग्या नेहमी एकदम पडत नव्हत्या. दोन प्लग सिलिंडरच्या माथ्यावर तिरक्या कोपऱ्यांत, समोरासमोर. एक जिथून ताजं मिश्रण आत येतं त्या इनटेक व्हॉल्व्हजवळ, दुसरा जिथून धूर बाहेर जातो त्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ. आधी इनटेककडचा प्लग पेटवायचा. ज्योत निघाली, मिश्रण समोरच्या कोपऱ्यात दाबलं जाऊ लागलं. तो कोपरा तापलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे आपोआप भडका व्हायला सगळ्यात सोयीचा. तो होण्याच्या आतच तिथला प्लग ठिणगी टाकतो आणि कोपऱ्याला शिस्तीत जाळून घेतो. दोन ठिणग्यांमध्ये अंतर किती ठेवायचं, ठेवायचं की नाही, हे फेरे आणि इंजिनावरचा भार बघून संगणक दर वेळी नव्याने ठरवतो. यासाठी कॉइलही आठ, प्रत्येक प्लगला स्वतंत्र. ३,००० फेऱ्यांवर अशा चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २०० ठिणग्या पडतात आणि त्यांतल्या प्रत्येकीची वेळ वेगळी मोजलेली असते. तुम्ही एफएमवर गाणी ऐकत कोथरूड डेपोच्या सिग्नलला थांबलेले असता, तेव्हासुद्धा हा हिशेब चालूच असतो.

आता कुणी विचारेल, प्लग कडेला ठेवून मग दुसरा शोधायचा खटाटोप कशाला? एकच प्लग बरोब्बर मध्यभागी ठेवला असता तर? चोख प्रश्न आहे. सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह असले की ते मोठे असतात आणि माथ्याची मधली जागा तेच व्यापून टाकतात. प्लगला कडेला बसावं लागतं. चार व्हॉल्व्ह केले की चार लहान वर्तुळांच्या मध्ये, ऐन केंद्रात प्लगपुरती जागा निघते. तिथून ७३ मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये कुठलीही भिंत साडेछत्तीस मिलिमीटरवर. म्हणजे दोन व्हॉल्व्ह आणि दोन प्लग हे एक उत्तर, चार व्हॉल्व्ह आणि मधला एक प्लग हे दुसरं. होंडाने सिटीच्या त्या इंजिनात आठच व्हॉल्व्ह आणि एकच कॅमशाफ्ट ठेवला होता. इंजिन आटोपशीर, हलतं सामान कमी, घर्षण कमी. मोबदल्यात वरच्या फेऱ्यांची ताकद सोडली आणि मध्यभागाची उणीव दुसऱ्या प्लगने भरून काढली.

ही युक्ती तेव्हाही नवी नव्हती. इटलीच्या अल्फा कंपनीसाठी जुझेप्पे मेरोझी याने १९१४ साली शर्यतीचं चार सिलिंडरचं साडेचार लिटरचं इंजिन आखलं, त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते. १९६५ च्या जुलिया जीटीए या शर्यतीच्या अल्फा रोमिओतही दोन. मग १९८७ साली अल्फा ७५ मध्ये कंपनीने दोन लिटरच्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनावर ट्विन स्पार्क हे नावच कोरलं आणि १४८ हॉर्सपॉवर काढून दाखवली. एका बाजूने निघालेल्या ज्योतीला सगळं सिलिंडर ओलांडून पलीकडे जावं लागलं असतं. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक प्लग. नव्वदच्या दशकात कंपनी १६ व्हॉल्व्हवर गेली तरी दुसरा प्लग सुटला नाही. मध्यभागी नेहमीचा १४ मिलिमीटरचा, आणि कडेला जागा नाही म्हणून १० मिलिमीटरचा बारका प्लग कोंबलेला. केंद्र मिळाल्यावर त्या बारक्याची गरज किती उरली होती? थोडी होती, बाकी नावाची पुण्याई, असं माझं मत.

जपानमध्ये दुसरा प्लग आला तो वेगळ्याच कारणाने. तिथे १९७८ पासून गाडीच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडवर किलोमीटरला ०.२५ ग्रॅमची कडक मर्यादा आली. हे ऑक्साइड तयार होतात ते ज्वलन फार तापल्यामुळे. हवेतला एरवी निवांत असलेला नायट्रोजन मोठ्या उष्णतेत ऑक्सिजनशी जुळतो. ताप कमी करायचा एक उपाय म्हणजे जळून गेलेला थोडा धूर परत सिलिंडरमध्ये सोडायचा. हा धूर जळत नाही, नुसती उष्णता पितो. अडचण अशी की धुराने मिसळलेलं मिश्रण नीट पेटतच नाही, ज्योत अडखळते. निसानने आपल्या झेड मालिकेच्या चार सिलिंडर इंजिनांना सिलिंडरमागे दोन प्लग दिले आणि भरपूर धूर मिसळूनही ते वेळेत जाळून दाखवलं. म्हणजे इथे दुसरा प्लग ज्वलन थंड ठेवण्यासाठी होता. वेग वाढवून ताप कमी करायचा, हे ऐकायला उफराटं वाटतं, पण धुराची रक्कम हिशेबात धरली की जुळतं.

आणि पुण्याचं काय? आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००३ साली पल्सरला डीटीएस-आय दिलं तेव्हा दोन प्लग हा शब्द खेडोपाडी पोचला. ते इंजिन एका सिलिंडरचं, पण तत्त्व हेच. बजाजने त्याचं पेटंटही घेतलं आणि २००७ साली टीव्हीएसने दोन प्लगांची फ्लेम आणल्यावर प्रकरण चेन्नईच्या कोर्टात गेलं. दोन प्लग हा काही नवा शोध नाही, होंडाचं जुनं पेटंट आहे, असा समोरच्यांचा मुद्दा. छोट्या, विरळ मिश्रणाच्या इंजिनात तो बसवणं नवं, असा बजाजचा. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने खटला चालू असेतो टीव्हीएसला विक्री करू दिली, फक्त हिशेब ठेवायला सांगितला. पुढे २०१२ च्या पल्सर २०० एनएसमध्ये बजाजने चार व्हॉल्व्ह आणि तीन प्लग दिले, केंद्रात एक आणि कडांना दोन. माझ्या वरच्या नेटक्या सिद्धांताला ही पल्सर जुमानत नाही, हे इथे नोंदवलेलं बरं.

सिटीत मात्र सिद्धांत टिकला. २००८ ची सिटी सोळा व्हॉल्व्हची आली, ताकद ११८ हॉर्सपॉवर, प्लग चारच, मध्यभागी. आठ कॉइल, आठ प्लग, त्यांच्या वायरी, हा खर्च गेला. मिस्त्री लोकांनीही सुस्कारा टाकला असणार. आडव्या बसवलेल्या त्या जुन्या इंजिनाचे पुढचे चार प्लग हाताशी, पण मागचे चार काचेच्या बाजूच्या भिंतीकडे, अडचणीत. असली गाडी सेकंडहँड घेणाऱ्याने प्लग बदलल्याचं ऐकलं तर "आठही?" असं विचारावं.

जिथे दुसरा प्लग आजवर हटलेला नाही, तिथे त्याचं मुख्य काम वेगळंच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यांच्या पस मॉथ विमानाच्या नाकात जिप्सी थ्री हे ओळीत चार सिलिंडरचं, उलटं टांगलेलं, सव्वापाच लिटरचं इंजिन होतं. सिलिंडर चार, प्लग आठ. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर मिनिटाला आठ हजार ठिणग्या. ११४ मिलिमीटर रुंदीच्या सिलिंडरमध्ये ज्योतीचं अंतर कमी करणं गरजेचं होतंच. पण खाली कच्छचं रण आणि समुद्र असताना वैमानिकाला त्याहून जास्त गरज होती ती एक प्लग मेला तरी सिलिंडर जिवंत राहण्याची.

म्हणून विमानात प्लगच दोन नसतात, त्यांना वीज पुरवणारी यंत्रणाही दोन, आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. अमेरिकेच्या विमान-इंजिनांच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलंय: सिलिंडरला किमान दोन प्लग, दोन वेगळे वीजमार्ग आणि विजेचे दोन वेगळे उगम, नाहीतर तितकीच भरवशाची दुसरी व्यवस्था. हा उगम म्हणजे मॅग्नेटो. इंजिनाच्या फिरण्यावर आतलं चुंबक फिरतं आणि वीज तिथल्या तिथे तयार होते. बॅटरी बंद पडली, अख्ख्या विमानाची वीज गेली, तरी ठिणग्या चालू. प्लगला उंच दाबाची वीज देणारा मॅग्नेटो १९०२ साली जर्मनीत बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्डने बनवला. कंपनीच्या बोधचिन्हात वर्तुळातली जी आकृती दिसते, ती त्याच मॅग्नेटोच्या गाभ्याची. आपल्याकडे हीच कंपनी मायको नावाने घराघरांत माहीत होती. नाशिकला मायको सर्कलही आहे, पण तिथला कारखाना डिझेलच्या इंजेक्टरांचा, आणि डिझेलला स्पार्क प्लग लागतच नाही!

जगभर वैमानिक ज्या सेस्ना १७२ वर शिकतात, तिच्या आजच्या नमुन्यात लायकमिंगचं चार सिलिंडरचं, जवळपास सहा लिटरचं, १८० हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, समोरासमोर आडवे. एक मॅग्नेटो एका बाजूचे वरचे आणि दुसऱ्या बाजूचे खालचे प्लग सांभाळतो, दुसरा उरलेले. खालच्या प्लगांवर तेल आणि काजळी जास्त बसते, तो त्रास एकाच मॅग्नेटोच्या वाट्याला येऊ नये म्हणून ही वाटणी.

उड्डाणाआधी धावपट्टीच्या कडेला विमान थांबवून वैमानिक इंजिन १,८०० फेऱ्यांवर आणतो आणि किल्ली दोन्हीवरून एकावर फिरवतो. फेऱ्यांचा काटा किंचित घसरतो. परत दोन्हीवर, मग दुसऱ्या मॅग्नेटोवर, पुन्हा घसरण. आपण आतापर्यंत जे पाहिलं ते सगळं त्या घसरणीत डोळ्यांनी दिसतं: पेट्रोल तेवढंच, हवा तेवढीच, फक्त ज्योत एकटी पडली, तिला वेळ जास्त लागला, दाब उशिरा शिगेला पोचला आणि इंजिन तेवढं ढिलं पडलं. सेस्नाच्या पुस्तकाप्रमाणे ही घसरण १५० फेऱ्यांच्या आत हवी आणि दोन मॅग्नेटोंमधला फरक ५० च्या आत. जास्त घसरला तर एखादा प्लग काजळलाय किंवा टायमिंग हललंय. विमान परत हँगरकडे.

आणि काटा अजिबात घसरलाच नाही तर? नवशिक्याला आनंद होतो, शिकवणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः करतो, त्यामुळे त्याला बंद करायचं म्हणजे त्याच्या वायरीचं टोक इंजिनाच्या धातूला जोडून वीज तिथेच जिरवायची. किल्ली एवढंच करते. ती वायर तुटली असेल तर किल्ली कशीही फिरवा, तो मॅग्नेटो बंद होत नाही. दोन्ही प्लग पेटतच राहतात आणि काटा हलत नाही. अशा विमानाचं इंजिन थांबवून किल्ली खिशात टाकली तरी मॅग्नेटो जागाच असतो, आणि सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलं असेल तर कुणी सहज हाताने पंखा फिरवला की एक ठिणगी पडायला तेवढं पुरतं. म्हणून विमानतळावरची जाणती माणसं उभ्या विमानाच्या पंख्याला, किल्ली काढलेली दिसत असली तरी, हात लावत नाहीत.